दोनशे रुपयांचा तास

काकू,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. वय ३३. मुलगी चार वर्षांची, मुलगा अकरा महिन्यांचा. मिस्टर सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. हातात ३४,००० येतात, त्यातले १४,५०० घराच्या हप्त्याला जातात. मी आधी एका सीएंच्या ऑफिसात होते. मुलाच्या वेळी नोकरी सोडली आणि आता घरून दुकानदारांचं टॅली (कॉम्प्युटरवरचे हिशेब) आणि जीएसटी बघते, शिवाय जुने सर एन्ट्रीचं काम पाठवतात. बाळ रांगायला लागायच्या आधी आठ दुकानं होती, महिन्याला १६,००० सुटायचे. आता सहाच राहिलीत, दोन सोडावी लागली. तीन महिने झाले, ९,००० च्या वर आकडा जात नाही. काम सगळं रात्री मुलं झोपल्यावर.

काटकसर म्हणाल तर मी काही बाकी ठेवलेलं नाही. डायपर नाही, लंगोटच. भाजी बुधवारी गंगेवरून. धुणं-भांडी मीच करते. बाहेरचं खाणं बंद. तरी वीस तारखेनंतर हात रिकामा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मावशी सकाळी तीन तास बाळाला सांभाळायचे ४,००० मागतात. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना बाळाला उचलता येत नाही. त्या म्हणतात, घरीच असतेस तर बाई कशाला? मिस्टरांनाही ते पटतं. पुढच्या महिन्यात बाळाचा पहिला वाढदिवस. नणंदेनं केला तसा हॉलमध्ये करायचा आहे, ३५,००० धरलेत. आणखी कुठे काटकसर करता येईल?

एक वाचक, नाशिक

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. काकू म्हटलंस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते.

आणखी कुठे काटकसर करू, या प्रश्नाचं माझं उत्तर तुझ्या सासूबाईंना आवडणार नाही: कुठेच नको. उलट एक खर्च वाढव. त्या मावशींना एक तारखेपासून यायला सांग.

आता पेन्सिलीचा हिशेब. १६,००० सुटत होते तेव्हा तू रोज किती तास बसायचीस, ते लिहिलेलं नाहीस. आठ दुकानं आणि सरांच्या एन्ट्र्या म्हणजे मी दिवसाचे तीन-सव्वातीन तास धरले, महिन्याचे ऐंशी. म्हणजे तासाला २०० रुपये. अंदाज चुकत असेल तर तुझा आकडा घाल, पण घाल, आणि फ्रीजवर चिकटवून ठेव. तुझ्या घरातली सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे हा तास, आणि तुझी काटकसर चालली आहे ती नेमका हाच तास उधळून.

गंगेवरचा बाजार घे. (बाहेरच्या वाचकांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारचा बाजार भरतो तो गोदाघाटावर.) भाजी तिथे ताजी आणि स्वस्त मिळते, यात वादच नाही. पण पाथर्डी फाट्यावरून जायचं, गाडी लावायला जागा शोधायची, चार ठिकाणी भाव करायचा आणि पिशव्या पायाशी धरून परत यायचं, यात दोन तास सहज जातात. फाट्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा आठवड्याला वाचतात किती? सव्वाशे धर. पेट्रोल वजा कर. ऐंशी-नव्वद रुपयांसाठी चारशेचा वेळ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि या मसाल्याची पावती कुणी देत नाही, म्हणून तो तुझ्या हिशेबाच्या वहीत कधी आलाच नाही.

लंगोटांचंही तसंच. दिवसाला बारा-चौदा लंगोट होत असणार. भिजवा, घासा, पिळा, वाळत घाला, घड्या करा. श्रावणात ते वाळत नाहीत, मग रात्री इस्त्री फिरवून वाळवत असशील. मीही फिरवायचे. हजार वॅटची इस्त्री अर्धा तास म्हणजे अर्धं युनिट, आणि अर्ध्या तासाची झोप वेगळी. लंगोटांशी माझं वैर नाही. अंगाला मऊ सुती कापड लागतं, पैसे वाचतात, आजीच्या जुन्या साड्या कामी येतात. पण दिवसा लंगोट आणि रात्री एक डायपर, एवढी सवलत स्वतःला दे. रात्रीचा एक म्हणजे दहा-बारा रुपये, महिन्याचे साडेतीनशे. बाळ सलग झोपलं तर तूही सलग झोपशील, आणि सकाळी टॅलीसमोर बसल्यावर खरेदीची एन्ट्री विक्रीत टाकणार नाहीस. दिवसाच्या लंगोटांपैकी शीचे तेवढे लगेच हातानं धू. बाकीचे बादलीत साठव आणि मशीन असेल तर एकदाच लाव.

या माझ्या दोनशे रुपयांच्या हिशेबात एक खोट आहे, ती मीच सांगून टाकते. प्रत्येक तास दोनशेचा नसतो. रात्री साडेअकराला डोळे चोळत केलेला तास शंभराचाही नाही, कारण त्यातल्या चुका दुसऱ्या दिवशी निस्तराव्या लागतात. हातात काम नसेल तर तासाला काहीच किंमत नाही. पण तू लिहितेस, दोन दुकानं ‘सोडावी लागली’. म्हणजे काम आहे, तास नाहीत. तेव्हा अख्खा दिवस रुपयांत मोजायला निघू नकोस, वेड लागेल. बाळाला मांडीवर घेऊन नुसती बसलीस तर त्याचे दोनशे तुला कुणी मागत नाही. मोजायचे ते फक्त शांत तास: बाळ दुसऱ्याच्या हातात, दार लोटलेलं, डोकं जागेवर. असे तास आज तुझ्या दिवसात किती आहेत? मी पत्रात शोधले, मला एकही सापडला नाही.

मावशींचे तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पंचाहत्तर. त्यातले पन्नासच धरू. बाळाला सर्दी होईल, मावशींच्या गावची जत्रा येईल, ऐन वेळी लाइट जाईल. पन्नास तासांचे दहा हजार, मावशींचे चार गेले, सहा उरले. पहिल्या महिन्यात मात्र हे सहा दिसणार नाहीत. पहिले आठ दिवस बाळ दाराला थापा मारत रडेल आणि आत तू स्क्रीनकडे नुसती बघत बसशील. सोडलेली दुकानंही एका फोनवर परत येत नसतात. तीन महिने दे. तीन महिन्यांनी मावशींचे पैसे देऊन हातात आजच्यापेक्षा जास्त उरत नसतील, तर मावशींना बंद कर आणि मला खुशाल चार शब्द सुनाव.

मला हे शहाणपण कुठून आलं, तेही ऐक. १९९६ साली मी पुण्यात घरून डीटीपी करायचे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करायचा, पानं लावायची, लेझर प्रिंट काढून प्रेसवर नेऊन द्यायचे. धाकटी दीड वर्षाची. कॉम्प्युटर हप्त्यावर घेतलेला, म्हणून बाकी सगळीकडे हात आखडता. सांभाळायला एक बाई महिन्याचे तीनशे मागत होती. मी म्हटलं, घरीच तर असते मी, बाई कशाला? बघ, माझ्या सासूबाईंवर ते बोलायची वेळसुद्धा आली नाही. यूपीएसही घेतला नव्हता, तो पुढच्या वर्षी घेऊ म्हणून. अशात एका दिवाळी अंकाचं काम आलं. दुपारी बारा पानं लावून झाली होती, सेव्ह करायचं तेवढं राहिलं होतं, कारण गॅसवर दूध होतं आणि मी उठले. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर लाल दिव्याचं बटण. धाकटीला तो दिवा फार आवडायचा. टक्.

मी दूध उतरवून आले तर पडदा काळा, आणि ही टेबलाखालून बाहेर येऊन टाळ्या वाजवतेय. रात्र जागून बारा पानं पुन्हा लावली. त्या घाईत प्रुफातल्या दुरुस्त्या निम्म्या राहिल्या, अंक तसाच छापून आला. पुढच्या वर्षी त्या संपादकांनी काम दुसरीकडे दिलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी तीनशे रुपये वाचवले होते ना! ती धाकटी आता स्वतः घरून काम करते आणि तिच्याकडे सांभाळायला बाई आहे. पहिल्या महिन्यापासून.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्या त्यांच्या काळाचं बोलतायत. त्यांच्या वेळी घरात जावा-नणंदा, ओट्यावर शेजारणी, पोर कुणाच्याही मांडीवर वाढायचं. सांभाळायला बाई ठेवावी लागली नाही, कारण दहा बाया होत्या आणि सगळ्या बिनपगारी. तुझ्या फ्लॅटमध्ये तू आणि त्या, आणि त्यांचे गुडघे. हे त्यांना ऐकवू नकोस, मनात ठेव. त्यांना तारीख सांग. जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, आर-वन, ११ तारखेला, कर भरायचं, थ्री-बी, २० तारखेला. चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि दुकानदार ती कुणाच्या फीमधून वळती करतो ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या पिढीनं वीजबिलापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं रांगेत उभं राहून भरलंय. तारीख आणि दंड ही भाषा त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा लवकर कळते. ‘वर्क फ्रॉम होम’ म्हटलंस की त्यांना फक्त ‘होम’ ऐकू येतं. ‘आई, वीसच्या आत झालं नाही तर रोजचे पन्नास रुपये’ असं म्हणून बघ.

आणि मावशींवरची देखरेख त्यांच्याकडे सोपव. परकी बाई नातवाला घेऊन बसणार म्हटल्यावर कुठल्याही आजीच्या पोटात कालवतं. मग ती बाई त्यांच्या नजरेसमोरच बसू दे. उचलायचं काम मावशींचं, सांगायचं काम आजींचं. पेज केव्हा, झोप केव्हा, दुपटं कुठलं, हे मावशींना तू सांगू नकोस, आजींनाच सांगू दे. तुझ्या पद्धतीत आणि त्यांच्या पद्धतीत थोडा फरक पडेल. दाराआड असशील तेव्हा पडू दे.

मिस्टरांना पटवायला एकच वजाबाकी पुरे. सोळातून नऊ गेले, सात. घरात दर महिन्याला सात हजारांचा खड्डा पडलाय आणि तो बुजवायला चार हजार लागतायत. ते सुपरवायझर आहेत, मशीन बंद राहिलं की तासाला किती जातात हे ते कंपनीत रोज बघतात. आणि भाजी त्यांच्याकडे दे. सातपूरहून घरी येईपर्यंत वाटेत किती भाजीवाले लागतात! पहिले पंधरा दिवस भेंडी जून येईल, वांग्यात कीड निघेल, कोथिंबिरीची जुडी आतून पिवळी. एक अक्षर बोलू नकोस. ‘राहू द्या, मीच आणते’ हे एकदा तोंडातून गेलं की तो बाजार जन्मभर तुझ्याच गळ्यात.

तुझ्या महिन्याचे सगळे दिवस सारखे नाहीत, हे तुझ्या घरात बहुधा कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सात ते अकरा आणि सोळा ते वीस हे दहा दिवस वेगळे. त्या दिवसांत संध्याकाळच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आण. रोज दहा पोळ्या धरल्या तरी आठशे-हजारांत भागेल. ‘बाहेरचं बंद’ हा नियम तू सरसकट केलास, तो तारखेवर कर. उरलेले वीस दिवस घरचं खा, अगदी पिठलं-भात खा. पण एकोणीस तारखेला कणीक मळताना दुकानदाराचा फोन कानाला नको.

कामाबद्दल दोन गोष्टी. तुझ्या सहा दुकानदारांपैकी तिमाही रिटर्नवर किती आहेत? वर्षाला ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती सोय आहे. दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी रिटर्न, मधल्या दोन महिन्यांत चलनानं कर भरायचा. हे मी तुला शिकवावं असं नाही, माझ्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानाचं तसं आहे म्हणून माहीत. ज्यांचं गिऱ्हाईक घरगुती आहे, अशा किराणा-कापडवाल्यांना ते चालून जातं. सरांशी बोलून बघ. फी मात्र कमी करू नकोस. वह्या तेवढ्याच लिहायच्या आहेत, फक्त तुझ्या महिन्यातली पळापळ कमी होते. आणि फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत, असं एकदा सगळ्यांना स्वच्छ सांग. घरून काम करणाऱ्या बाईचे पैसे लोक सगळ्यांत शेवटी देतात. त्यांना वाटतं, हिला कुठे दुकानाचं भाडं भरायचंय!

दुसरी गोष्ट विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते. सगळ्यांची रिटर्न भरतेस, स्वतःचं इन्कम टॅक्स रिटर्न भरतेस का? एवढ्या उत्पन्नावर तुला कर बसणार नाही, पण सर तुझ्या पैशातून टीडीएस कापत असतील तर ते कापलेले पैसे रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. तेवढं बघून घे.

बरं, काटकसर अजिबात नको असं मी म्हणत नाही. जिथे तुझा वेळ जात नाही तिथली जरूर कर. एकदा बटण फिरवायचं आणि विसरायचं, अशी. विजेचंच घे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर आणि त्याच्या पुढचा दर यात दुपटीच्या आसपास फरक आहे, आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. म्हणजे तू वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागातल्या टप्प्यातलं असतं. तुम्ही दिवसभर घरी, म्हणून हॉलचा पंखा चौदा-पंधरा तास चालणार. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. चौदा तासांचा हिशेब केलास तर महिन्याला अठरा-एकोणीस युनिटं सुटतात. पंख्याची किंमत दीड-दोन वर्षांत निघते. सगळे बदलू नकोस, जो दिवसभर फिरतो तो एकच बदल. गिझर दोन हजार वॅटचा असतो. तो लावून बाळाच्या मागे धावत सुटलं की अर्ध्या तासात एक युनिट गेलं.

नाशिकमध्ये राहून कांदा किलोकिलोनं विकत घेत असशील तर मात्र मी रागावेन. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा निघतो, तो टिकतो. पावसाळ्यानंतरचा लाल टिकत नाही. मेमध्ये पंचवीस किलोची गोणी घ्यायची, बाल्कनीत वारा लागेल अशी पसरायची, दिवाळीच्या तोंडावर भाव चढतात तेव्हा आपण निवांत. गव्हाचंही वर्षाचं एकदम भरता आलं तर बरं, एरंडेल चोळून. पण एकदम पैसे घालायला या वर्षी जमणार नाही तुला, तेव्हा ते राहू दे. वाळवणं तर नकोच. पापड विकत घे. कुरडया करायच्या आहेत असं सासूबाई म्हणाल्या तर विषय बदल.

बाळाला अकरा महिने झालेत. पाकिटातलं सीरिअल आणत असशील तर बंद कर. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तूप घालून वरण-भात, कुस्करलेलं केळं. तुमच्याच कुकरमधलं, मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं. वेगळा स्वयंपाक नको. मध मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत चाटवायचा नाही, कुणीही म्हणालं तरी. पुढची लसही महापालिकेच्या दवाखान्यात घे. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, तो तिथे मोफत. न्यूमोनियाची पीसीव्ही बाहेर हजारो रुपयांना मिळते, तीसुद्धा २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. सरकारी यादीत नसलेल्या लसींचं डॉक्टरांना विचारून ठरव. आणि मिस्टरांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुझं आणि दोन्ही मुलांचं नाव आहे ना, ते याच आठवड्यात बघायला सांग. नसेल तर विम्याच्या हप्त्यात काटकसर नको. एक रात्र बालरुग्णालयात गेली की सगळ्या लंगोटांची बचत तिथल्या काउंटरवर जमा होते.

मुलीबद्दल तू वय सोडून एक शब्दही लिहिलेला नाहीस. मी तो दोष मानत नाही. जे मूल रडत नाही ते पत्रात येत नाही. पण ती चार वर्षांची आहे, तिला सगळं कळतं, आणि आई रात्री कॉम्प्युटरची आणि दिवसा बाळाची, हेही कळलं असणार. मावशींच्या तीन तासांत ती बालवाडीत जाऊ दे. घरापासून चालत जाता येईल अशी बघ. अंगणवाडी जवळ असेल तर एकदा आत डोकावून ये, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहेच, आणि बाई चांगल्या असतील तर मोठ्या फीच्या ज्युनियर केजीपेक्षा पोर तिथे जास्त रमतं. व्हॅनचे पैसे वाचतात ते वेगळेच. दुपारी काम करायची वेळ आली तर तिला तिचं ऑफिस मांडून दे. माझ्या थोरलीला मी जुनं पावती पुस्तक आणि एक कार्बन पेपर दिला होता. ती वर रेघोट्या ओढायची, कार्बन उचलून खाली तशाच रेघोट्या उमटल्यात का बघायची, आणि पावती फाडून मला द्यायची. ‘एकशेसत्तर रुपये झाले.’ तिच्या प्रत्येक पावतीचे एकशेसत्तरच व्हायचे. अर्धा-अर्धा तास चालायचं. कार्टून लावून द्यावं लागलं तर तेही लाव, दिवसाकाठी तासाच्या आत, आणि त्यावरून मनात खात बसू नकोस. बाळाला मात्र अजून स्क्रीन नको. सुकन्या समृद्धीचं खातं काढलं नसेल तर काढून ठेव, वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. मोठी रक्कम नंतर टाकशील.

राहता राहिला वाढदिवस. ३५,००० म्हणजे मावशींचा जवळजवळ नऊ महिन्यांचा पगार. वीस तारखेनंतर ज्या घरात हात रिकामा असतो, तिथे हे पैसे येणार कुठून, ते तू लिहिलेलं नाहीस. क्रेडिट कार्डावरून किंवा हप्त्यावर असेल तर आत्ताच थांब. वर्षाचं मूल हॉलमधल्या स्पीकरला घाबरून रडतं आणि केक कापायच्या वेळी झोपलेलं असतं. मी असे निदान दहा वाढदिवस जेवले आहेत, उत्सवमूर्ती जागी असलेला एकच आठवतो. घरी औक्षण कर, दोन्हीकडची जवळची माणसं बोलाव, श्रीखंड-पुरी कर, पाच-सहा हजारांत होईल. हौस राहिली असं वाटलं तर संक्रांतीनंतर बोरन्हाण घाल. हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या, आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं ते लुटायला. हजार-बाराशेत होतं आणि फोटो हॉलपेक्षा चांगले येतात. नणंदेच्या मुलांनाही बोलाव.

हॉलवाल्याकडे आगाऊ भरले असतील तर पावती शोध आणि उद्याच फोन कर. महिनाभर आधी सांगितलं तर दुसरं गिऱ्हाईक मिळेल म्हणून थोडेफार तरी परत देतात, आठ दिवस उरले की फोनच उचलत नाहीत. नणंदेला मात्र तू फोन करू नकोस. ती त्यांची बहीण आहे, तो फोन मिस्टरांनाच करू दे.